लेक न्यूयॉर्कला, आपण साताऱ्यात: विमानाचं अंतर आणि वेळ घरी बसून कशी काढायची

तिकिटावर लिहिलं होतं, मुंबईहून रात्री १:५० ला सुटणार, न्यूयॉर्कला सकाळी ७:४० ला पोहोचणार. दोन्हीकडे तारीख एकच, १४ मे २०२४. हिने तिकीट दोनदा वाचलं आणि विचारलं, "अहो, म्हणजे सहा तासांत अमेरिका? एवढा वेळ तर आपल्याला साताऱ्याहून मुंबई गाठायला लागतो."

खरा प्रवास १५ तास २० मिनिटांचा होता. तो तिकिटावरून कसा काढायचा, नकाशावरून अंतर कसं काढायचं आणि अंतरावरून वेळेचा अंदाज कसा बांधायचा, हे इथे सांगतो. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितो आहे, कारण हे न येण्याची किंमत आम्ही मोजली आहे. लेक शिकायला पहिल्यांदा गेली त्या ऑगस्टमध्ये तिच्या तिकिटावर पोहोचण्याची वेळ दुपारी अडीच होती. आम्ही ती आपली दुपार समजलो. अडीचपासून फोनजवळ बसलो. चार वाजले, सात वाजले, दिवेलागण झाली. हिने पाण्याचा घोटही घेतला नाही. फोन आला तो मध्यरात्रीनंतर. विमान अगदी वेळेवर उतरलं होतं. न्यूयॉर्कची दुपारची अडीच म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा, एवढी एक बेरीज घरात कुणी केली नव्हती, आणि मी तर आयुष्यभर मोजणीचंच काम केलेलं.

भूमी अभिलेख खात्यात मी भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार, म्हणजे मोजणी पुन्हा तपासणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. आमची शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा. बांधाच्या या खुणेपासून त्या खुणेपर्यंत साखळी ताणून धरली की अंतर हातात येतं. गावच्या मोजणीत पृथ्वी सपाट धरून चालतं, कारण दोन-चार किलोमीटरच्या शिवारात तिचा बाक जाणवतच नाही. मुंबई ते न्यूयॉर्क मात्र तसं मोजता येत नाही. पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती हीच.

आधी तिकीट वाचा

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोहोचण्याची न्यूयॉर्कच्या. यात अपवाद नाही, कुठल्याही कंपनीचं तिकीट घ्या.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ती याहून घातक आहे. १४ तारखेचे रात्रीचे १:५० म्हणजे १३ तारखेच्या रात्री जेवण झाल्यावरचे पावणेदोन. आमच्याच आळीतलं एक जोडपं "चौदा तारखेचं विमान" म्हणून चौदाच्या संध्याकाळी बॅगा घेऊन मुंबईला निघालं. विमान त्याच दिवशी पहाटेच, त्यांच्या झोपेत, उडून गेलं होतं. दोन तिकिटांचे पैसे गेले ते गेलेच. सुनेच्या बाळंतपणासाठी निघालेली आई चार दिवस उशिरा पोहोचली. म्हणून रात्री १२ ते पहाटे ४ यांतलं विमान असेल तर घरच्या कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लिहा: "आज रात्री विमान." आम्ही १३ मे ला दुपारी एकलाच सातारा सोडलं. खंडाळ्याच्या घाटात गाड्या अडकल्या तरी रात्री दहाच्या आत विमानतळावर पोहोचायचं, हा हिशेब धरून.

विमानतळही नीट पाहा. मुंबईच्या सहार विमानतळाचा सांकेतिक शब्द बीओएम. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, तो वेगळा. न्यूयॉर्कलाही जॉन एफ. केनेडी विमानतळ म्हणजे जेएफके, आणि नदीपलीकडे न्यू जर्सीत नेवार्क म्हणजे ईडब्ल्यूआर. विमानातून मोजलं तर दोघांत फरक जवळजवळ नाही, पण न्यायला येणाऱ्या जावयाच्या गाडीला भर गर्दीत दीड-दोन तासांचा फरक पडू शकतो.

तिकिटावरून जो प्रवासाचा काळ निघतो त्याला या धंद्यातले लोक ब्लॉक टाइम म्हणतात. विमान मुंबईच्या दारापासून हलल्यापासून न्यूयॉर्कच्या दाराशी उभं राहीपर्यंतचा तो काळ. धावपट्टीकडे रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर दारापर्यंत येणं, सगळं त्यात आलं. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून अर्धा-पाऊण तास कमी.

दोरा आणि पृथ्वीगोल

भिंतीवरचा जगाचा नकाशा घेऊन मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ मारली, तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया यांवरून जाते आणि मग अटलांटिक ओलांडते. शाळेत आपण सगळ्यांनी हाच रस्ता मनात धरलेला असतो. तो सरळ दिसतो, पण जवळचा नाही. त्या रेघेवरून विमान गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील.

आता पृथ्वीगोल घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो चालेल, फक्त फार लहान नको. शिवणाचा जाड दोरा घ्या, रबर नको आणि लोकरही नको, कारण ती ताणते. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा घट्ट ओढा. मोजणीत साखळीला झोल राहिला तर शेजाऱ्याची जमीन आपल्यात येते. इथेही झोल नको. ओढता ओढता दोरा आपोआप वर, उत्तरेकडे सरकेल. सरकू द्या. जिथे तो स्थिर होईल तोच गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या मध्यातून काप घेतला तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल, त्याचा हा तुकडा.

हा दोरा कुठून जातो ते मी अक्षांश-रेखांश मांडून बिंदू बिंदू काढलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही इतकं ते सुंदर आहे. मुंबईहून निघालेली रेघ खंभातचं आखात ओलांडून अमरेलीकडे जाते, मग कच्छचं रण, मग सिंध. सिंधमध्ये ती जवळजवळ नेमकी मोहेंजोदडोवरून जाते. पुढे क्वेट्ट्याच्या बाजूने अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मॉस्कोच्या किंचित उत्तरेला, सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला, हेलसिंकीजवळून नॉर्वेतलं ट्रॉनहाइम. आइसलंडच्या पूर्वेला समुद्रावर ती सर्वांत उत्तरेला पोहोचते, सुमारे ६४.७ अंश अक्षांशावर. मग रेक्याविकजवळून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ घासून, लॅब्राडोर, मेन असं करत न्यूयॉर्कला उतरते. न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला आहे असं आपण म्हणतो, पण हा रस्ता मुंबई सोडताना उत्तरेपासून फक्त २७ अंश पश्चिमेला झुकलेला असतो. म्हणजे तोंड जवळजवळ उत्तरेलाच.

अंतर काढायला आधी विषुववृत्तावर दोरा एक पूर्ण फेरी गुंडाळा आणि सेंटिमीटरच्या पट्टीवर मोजा. माझ्या गोलावर ९६ सेंटिमीटर भरला. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणून माझ्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४१७ किलोमीटर. मुंबई–न्यूयॉर्क दोरा ३० सेंटिमीटर भरला. ३० गुणिले ४१७, १२,५१० किलोमीटर झाले. पट्टीच्या रेघेपेक्षा सुमारे सतराशे किलोमीटर कमी. गोलावर लिहिलेल्या प्रमाणावर विसंबू नका, स्वतः फेरी गुंडाळून काढा; स्वस्त गोलांवरचं छापील प्रमाण चुकलेलं मी पाहिलं आहे.

कॅल्क्युलेटरने पक्कं करणं

आमच्या खात्यात मोजणीवर हरकत आली की वरचा अधिकारी फेरमोजणी करतो, तिला निमताना म्हणतात. दोऱ्याच्या मोजणीची निमताना दहावी-बारावीच्या मुलाच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर करता येते. मोबाइलमधलाही चालतो, आडवा धरला की बहुतेकांत साइन-कोसाइनची बटणं येतात.

लागतात चार आकडे. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. जेएफके ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. हे दशांश अंश आहेत. अंश-कला दिलेल्या असतील तर कलांना ६० ने भागून अंशात मिळवा; १९ अंश ३० कला म्हणजे १९.५, १९.३० नव्हे. माझ्याकडे टिपणं काढायला शिकणारी पोरं ही चूक हमखास करायची.

एक गाव पूर्वेला आणि एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: ७२.८७ अधिक ७३.७८, म्हणजे १४६.६५. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला जितकी, न्यूयॉर्क पश्चिमेला जवळजवळ तितकंच, हे मला हा हिशेब करेपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

आता मांडणी. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७१ गुणिले ०.६५१३, उत्तर ०.२१३०. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.९४५० गुणिले ०.७५८८ गुणिले उणे ०.८३५३, उत्तर उणे ०.५९९०. कोन ९० अंशांहून मोठा असला की कोसाइन उणे येतो, तो उणेच ठेवा. दोन्हींची बेरीज उणे ०.३८६०. शिफ्ट आणि कॉस दाबून या बेरजेचा कोन काढा: ११२.७ अंश. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पृथ्वीच्या केंद्राशी होणारा हा कोन. पृथ्वीच्या पृष्ठभागावर असा एक अंश सुमारे १११.१९ किलोमीटरचा. गुणाकार केला की १२,५३१ किलोमीटर.

दोऱ्याने १२,५१०, कॅल्क्युलेटरने १२,५३१. एका दोऱ्याने पृथ्वी मोजताना एकवीस किलोमीटरची चूक म्हणजे चूकच नव्हे. ज्या साखळीने मी नोकरी केली तिच्या मापात मुंबई ते न्यूयॉर्कचं हे सगळं अंतर साडेबारा लाख साखळ्यांच्या किंचित आत बसतं.

उत्तर भलतंच आलं तर पहिल्यांदा पाहा की कॅल्क्युलेटर डीईजी वर आहे की आरएडी वर. डीईजी म्हणजे अंश, तोच हवा. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत, कारण अर्धी फेरीच तेवढी. उत्तर त्याहून मोठं आलं तर सगळं पुसून पुन्हा करा. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे, त्यामुळे या पद्धतीत हजारात पाचपर्यंत फरक राहू शकतो. एवढा चालतो. वैमानिक सागरी मैलात बोलतात, त्यांना हवं असेल तर ११२.७ ला ६० ने गुणा, ६,७६२ सागरी मैल. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, म्हणून.

हे गोलीय त्रिकोणमितीचं गणित आपल्या मातीला नवीन नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यांनी भारत मोजण्याच्या ज्या महासर्वेक्षणाची पायाभरणी केली, ते याच विद्येवर उभं होतं. ते लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये काम करता करता आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. वर्ध्याकडे गेलो की मी तिथे जाऊन येतो.

अंतरावरून वेळ

लांब पल्ल्याचं विमान साधारण ३५,००० फुटांवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालतं. १२,५३१ भागिले ९०० केलं तर १३ तास ५५ मिनिटं येतात. तिकीट मात्र १५ तास २० मिनिटं म्हणतं. हा सव्वा-दीड तास कुठे गेला?

थोडा वेळ जमिनीवर आणि चढण्या-उतरण्यात जातो. त्यासाठी मी अर्धा तास धरतो. थोडा रस्त्याच्या वळणांत जातो, कारण विमान दोऱ्यावरून नेमकं जातच नाही. आणि उरलेला खातो तो वारा.

तितक्या उंचीवर आपल्या अक्षांशांच्या उत्तरेला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातात. शाळेत नदीतल्या होडीचं गणित होतं: प्रवाहाबरोबर इतका वेग, प्रवाहाविरुद्ध इतका, तर नदीचा वेग किती. हे तेच गणित. विमानाचा हवेतला वेग ९०० असतो, पण जमिनीवरून मोजला तर पश्चिमेला जाताना त्यातून वारा वजा होतो आणि पूर्वेला येताना मिळतो. ९ फेब्रुवारी २०२० ला सियारा वादळाच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं. एरवी साडेसहा-सात तास लागतात.

माझा ठोकताळा असा. अंतरात शेकडा ३ मिळवा. वेग जाताना ९०० उणे ४५, येताना ९०० अधिक ४५ धरा. शेवटी अर्धा तास मिळवा. न्यूयॉर्कला जाताना १२,९०७ भागिले ८५५, म्हणजे १५ तास ६ मिनिटं, अधिक अर्धा तास, १५ तास ३६ मिनिटं. तिकीट होतं १५:२० चं. येताना १२,९०७ भागिले ९४५, १३ तास ३९ मिनिटं, अधिक अर्धा तास, १४ तास ९ मिनिटं. तिकीट १४ तासांचं. दहा-पंधरा मिनिटांचा हा फरक मला मान्य आहे. हा ठोकताळा पूर्व-पश्चिम लांब प्रवासांसाठी आहे. मुंबई–दुबईसारख्या जवळच्या प्रवासाला किंवा उत्तर-दक्षिण जाणाऱ्या विमानाला वाऱ्याचे ४५ लावू नका.

रस्त्याच्या वळणांचं कारण कधी वारा असतो, कधी बंद झालेलं आकाश. दोरा रशियावरून जातो, पण २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना तिथून जाता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं. मग विमान वळसा घालून जातं. त्या वळशाचं मोलही दोऱ्याने काढता येतं. इस्तंबूलवर टाचणी टोचा आणि दोरा तिच्यावरून वळवून घ्या. मुंबई–इस्तंबूल सुमारे ४,८३५ आणि इस्तंबूल–न्यूयॉर्क सुमारे ८,०३०, मिळून १२,८६५. गोलावर इतका मोठा दिसणारा वळसा फक्त ३३०-३३५ किलोमीटरचा निघाला, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचा! हे मी तीनदा मोजलं तेव्हा विश्वास बसला.

कधी लांबचा रस्ता लवकरचा असतो. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूने, चीन-जपान ओलांडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, चौदाशेने जास्त, तरी वेळ दीड-दोन तासांनी कमी, साडेचौदा तासांच्या आसपास. सगळा रस्ता वारा पाठीशी.

दोन घड्याळं

आता तिकिटावरच्या वेळा. माझा नियम एकच आहे: सगळं आपल्या वेळेत आणा आणि मगच वजाबाकी करा.

न्यूयॉर्कच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवा, हिवाळ्यात साडेदहा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपण काहीच करत नाही. मेमध्ये जाताना पोहोचणं सकाळी ७:४०, अधिक साडेनऊ तास, आपले संध्याकाळचे ५:१०. सुटलो होतो रात्री १:५० ला. वजाबाकी १५ तास २० मिनिटं. आम्ही २० नोव्हेंबरला परत निघालो तेव्हा घड्याळं बदलून गेली होती. सुटणं तिथल्या सकाळी ११:३० ला, अधिक साडेदहा, आपले रात्रीचे दहा. पोहोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. १४ तास. कुणी सवयीने साडेनऊच मिळवले असते तर उत्तर १५ आलं असतं, म्हणजे तासभर जास्त.

साडेदहा हा आकडा येतो कुठून, तेही सांगतो, म्हणजे तो पाठ करावा लागणार नाही. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ पूर्व रेखांशाची, न्यूयॉर्कची ७५ पश्चिम रेखांशाची. बेरीज १५७.५, भागिले १५, साडेदहा. उन्हाळी वेळेचा एक तास वजा केला की साडेनऊ.

मनगटी घड्याळ मी विमानात बदललं नाही. हिची रक्तदाबाची गोळी सकाळी आठची. प्रवासभर ती भारतीय घड्याळाप्रमाणेच घ्यायची आणि तिकडे पोहोचल्यावर हळूहळू सरकवायची, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुमच्या औषधांचं तुमच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. इन्सुलिन असेल तर नक्कीच.

त्या प्रवासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिला रोज उगवतीला नमस्कार करायची सवय. समोरच्या पडद्यावर विमान काळ्या समुद्रावर आलं तेव्हा खिडकीतून सूर्य उगवला. घड्याळात आपले आठ वाजून गेले होते. आणि तिथून पुढे जेएफकेला उतरेपर्यंत, नऊ-साडेनऊ तास, सकाळच राहिली. उतरलो तेव्हा तिथे सूर्य उगवून फक्त दोन तास झाले होते. कारण सोपं आहे. विषुववृत्तावर पृथ्वी ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, पण ६० अंश अक्षांशावर तो वेग निम्मा, ८३५. तेवढ्याच वेगाने पश्चिमेला जाणारं विमान सूर्याला धरून ठेवतं. हिने तीनदा नमस्कार केला.

थांबा असलेला प्रवास

यात वेगळं गणित नाही. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२० किलोमीटर, मिळून १२,९५०. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, मिळून १२,७४०. अंतर थेट विमानापेक्षा फारसं वाढत नाही. वाढतो तो थांब्याचा वेळ, आणि तो तिकिटावर त्या तिसऱ्या गावच्या घड्याळात लिहिलेला असतो. प्रत्येक वेळ आपल्या वेळेत आणून एका कागदावर एकाखाली एक लिहा. दोन विमानांमध्ये दोन तासांहून कमी उरत असतील आणि प्रवास करणारे वयस्क असतील, तर मी ते तिकीट घेणार नाही, कितीही स्वस्त असलं तरी.

घरी वाट पाहणाऱ्यांसाठी

पोहोचण्याच्या वेळेला फोनची अपेक्षा ठेवू नका. उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅगा, मग बाहेर. दीड-दोन तास सहज जातात. आमच्या फ्रिजवर चिठ्ठी असते: "उतरणार आपल्या ५:१०. फोन ७ च्या पुढे."

विमान मोबाइलवर पाहायचं असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या ठिकाणी विमानाचा क्रमांक टाकला की नकाशावर ते दिसतं. विमान स्वतःची जागा रेडिओने सांगत असतं आणि जमिनीवरची यंत्रं ती पकडतात. भर समुद्रात अशी यंत्रं नसतात, म्हणून अटलांटिकवर विमान कधी दिसेनासं होतं किंवा अंदाजाने पुढे सरकवलेलं दिसतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. हे आधी माहीत नसलेल्या एका आईचा रात्री अडीचला मला फोन आला होता. कॅनडाच्या किनाऱ्याजवळ विमान पुन्हा दिसेपर्यंत आम्ही दोघं फोनवर बोलत राहिलो.

विमानात असाल तर समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर आणि जमिनीवरून मोजलेला वेग दिसतो. उरलेल्याला वेगाने भागा आणि खाली उतरण्याचे पंधरा-वीस मिनिटं मिळवा. ३,४०० उरले आणि वेग ८५० असेल तर चार तास, वर वीस मिनिटं.

सरावासाठी सॅन फ्रान्सिस्को घ्या. विमानतळ ३७.६२ उत्तर, १२२.३७ पश्चिम. रेखांशांची बेरीज १९५.२४ येईल. ती १८० च्या वर गेली, म्हणजे पूर्वेकडून जाणं जवळचं. ३६० मधून वजा करून १६४.७६ घ्या. गोलावर दोरा ओढलात तर तो लडाख, सायबेरिया करत उत्तर ध्रुवसमुद्रावर सुमारे ७६.७ अंशांपर्यंत चढेल आणि अलास्कावरून खाली येईल. अंतर १३,५१० किलोमीटरच्या आसपास यायला हवं. शंभराहून जास्त फरक आला तर आधी डीईजी पाहा.